आधी थर्मामीटर, मग नळी: प्रवाहाचे पहिले प्रयोग नागपुरात कसे करावेत

१६ मिमी आतल्या व्यासाच्या नळीतून सेकंदाला २५ मिली पाणी सोडा. डिसेंबरच्या सकाळी टाकीचं पाणी १५ अंशांवर असेल तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळीचा हे सांगणारा आकडा) साधारण १७५० येतो आणि पाण्यात सोडलेल्या रंगाची रेघ नळीभर सरळ जाते. तोच प्रयोग मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतल्या ४० अंशांच्या पाण्यावर केला, तर अंक ३०२० होतो आणि रेघ वाटेतच विस्कटते. नळी तीच, तोटीची खूण तीच, पाणीही तेवढंच. फरक फक्त पाण्याच्या व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे आतल्या चिकटपणाचा असतो.

प्रवाहाच्या प्रयोगांची पुस्तकं बहुतेक वेळा पाणी २० अंशांवर आहे असं धरून चालतात. नागपुरात तसे दिवस मोजकेच. म्हणून हे प्रयोग करताना थर्मामीटर हे पहिलं उपकरण समजा आणि प्रत्येक रीडिंगपाशी तापमान लिहा. प्रात्यक्षिकाच्या वहीत तापमानाचा रकाना सुरुवातीला एकदा भरून सोडून देतात. आलेख का जुळत नाही याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा भागिले घनता) खाली दिली आहे. एकक चौरस मिमी प्रति सेकंद.

१५ अंश: १.१३९
२० अंश: १.००४
२५ अंश: ०.८९३
३० अंश: ०.८०१
३५ अंश: ०.७२३
४० अंश: ०.६५८

मधल्या तापमानासाठी दोन आकड्यांमध्ये सरळ प्रमाण काढलं तरी या कामापुरतं चालतं. ३० अंशांच्या आसपास एका अंशाला व्हिस्कॉसिटी सुमारे २ टक्के बदलते. म्हणजे थर्मामीटर एक अंश चुकला तर रेनॉल्ड्स अंकही २ टक्के चुकला. ताप मोजायचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, त्याची पट्टी ३५ अंशांच्या आसपास सुरू होते. प्रयोगशाळेचा ० ते ५० किंवा ० ते १०० अंशांचा, अर्धा अंश वाचता येईल असा घ्या. त्याचा फुगा टाकीत न ठेवता नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात धरा. टाकीत वरचं पाणी गरम आणि तळाचं थंड असू शकतं. नळीतून कोणतं गेलं हे शेवटच्या टोकालाच कळतं.

सामान आणि मांडणी

लागणाऱ्या बहुतेक वस्तू सीताबर्डी किंवा इतवारीच्या हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळतात. नळ्या आणि थर्मामीटर प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडून घ्या.

पाणी फिरवायला कूलरचा साधा पंप पुरतो. असा पंप पाणी दीड मीटरच्या आसपास चढवतो, नेमका आकडा खोक्यावर छापलेला असतो. तेवढ्या उंचीवर प्रवाह जवळपास शून्य होतो, म्हणून वरची टाकी त्याहून फूटभर खाली ठेवा. पंप खालच्या टबात असतो, वरच्या टाकीत पाणी चढवतो, आणि वरच्या टाकीला काठाखाली ओव्हरफ्लोचा पाइप असतो. पंप गरजेपेक्षा जास्त पाणी देत राहतो, जादा पाणी ओव्हरफ्लोतून परत टबात पडतं आणि वरची पातळी हलत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप पंपाच्या पाइपापेक्षा जाड हवा. बारीक घेतला तर पातळी हळूहळू चढत जाते आणि सगळी रीडिंग एका बाजूला सरकतात.

कूलरच्या पंपाने दरवर्षी विदर्भात शॉक बसण्याच्या घटना घडतात, त्यामुळे हे गंभीरपणे घ्या. तीन पिनचा, अर्थिंग असलेला सॉकेट वापरा आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असल्याची खात्री करा. पंप चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही. थर्मामीटर धरायचा झाला तरी आधी प्लग काढा, किंवा सांगितल्याप्रमाणे नळीच्या तोंडाशी वेगळ्या भांड्यात तापमान घ्या.

पंप पाणी तापवतोही. १८ वॅटचा पंप २० लिटर पाण्यात तासभर चालला तर पाणी जवळपास पाऊण अंशाने चढतं, खोलीची उष्णता वेगळी. सकाळी एकदा घेतलेलं तापमान दुपारी लागू पडत नाही, त्याचं हे एक कारण.

पाणी आदल्या रात्रीच टबात भरून ठेवा. नळातून दाबाखाली आलेल्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ते खोलीत तापलं की बारीक बुडबुडे नळीच्या भिंतीला चिकटतात, मॅनोमीटरच्या, म्हणजे दाब मोजायच्या, पाइपात अडकतात. रात्रभर उघडं राहिलं की बरीचशी हवा निघून जाते आणि पाणी खोलीच्या तापमानाला येतं. बोअरचं पाणी शक्यतो टाळा. जड पाण्याचे पांढरे थर बारीक सुईच्या आणि छिद्राच्या कडेवर बसतात, आणि इथे सगळा खेळ त्या कडांवरच आहे.

पहिला प्रयोग: रंगाची रेघ

ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरमध्ये केलेला हा प्रयोग. त्याने काचेच्या नळीच्या तोंडाला कर्ण्यासारखं रुंद तोंड बसवलं आणि पाण्याच्या मध्यभागी रंगाची बारीक धार सोडली. पाणी पूर्ण शांत असताना त्याला १२,००० च्या वरच्या अंकापर्यंतही सरळ रेघ दिसली. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण २००० ते २३०० च्या आसपास काय घडतं ते स्वच्छ दिसतं.

नळी ॲक्रिलिकची, २० मिमी बाहेरचा आणि १६ मिमी आतला व्यास, लांबी १.२ मीटर. कर्ण्यासाठी शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा वरचा भाग, खांद्यापासून कापून. नळी बाटलीच्या गळ्यात सरकते, पण तिच्या जाडीमुळे आत २ मिमीची पायरी उरते. ती पायरी पहिल्या नजरेत दिसत नाही, आणि प्रयोग तिथेच बिघडतो. पाणी पायरीवर आपटून भोवरे घेऊनच नळीत शिरतं, मग अंक १५०० असला तरी रेघ थरथरते. नळीच्या तोंडाची आतली कड कानशीने तिरपी करा, उरलेली फट एम-सीलने भरा, ओल्या बोटाने गुळगुळीत करा आणि सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. पीव्हीसीचं सोल्युशन ॲक्रिलिकला लावू नका, ते नळी पांढुरकी करतं. स्पिरिटने पुसलं तर ॲक्रिलिकवर केसासारख्या भेगा पडतात. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा.

नळी टाकीच्या भिंतीतून आडवी बाहेर काढा, कर्णा टाकीच्या आत, भिंतीपासून हातभर दूर. पाणसळ ठेवून नळी समतल करा. बाहेरच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावा. व्हॉल्व्ह कायम शेवटालाच हवा, अलीकडे लावला तर त्याचीच खळबळ नळीत दिसेल.

रंगासाठी सलाईनचा सेट सोयीचा, त्याच्या चाकाने धार थेंबाथेंबाने कमीजास्त होते. बाटलीत पोटॅशियम परमँगनेटचं फिकट द्रावण किंवा पाण्यात पातळ केलेली निळी शाई. २१ किंवा २२ गेजच्या सुईचं तिरपं टोक घासून चौकोनी करा आणि सुई कर्ण्याच्या मध्यावर, नळीच्या अक्षाला समांतर बांधा. रंगाची बाटली प्रयोगाआधी तासभर टाकीच्या पाण्यातच बुडवून ठेवा. रंग पाण्यापेक्षा गरम असला तर रेघ नळीत वर चढते, थंड किंवा दाट असला तर खाली बसते. हळू प्रवाहात दोन अंशांचा फरकही डोळ्याला दिसतो.

आता पुढची कृती.

१. टाकी भरा, पंप बंद करा आणि अर्धा तास काही करू नका. पाणी स्थिर दिसायला लागल्यावरही आतलं फिरणं बराच वेळ टिकतं. या प्रयोगात पंप चालू ठेवायचा नाही, त्याची थरथर आणि पाण्याची पडती धार दोन्ही नळीपर्यंत पोचतात. टाकी पसरट असेल तर दोन मिनिटांत तीन लिटर पाणी गेल्याने पातळी फार पडत नाही.

२. व्हॉल्व्ह किंचित उघडा आणि रंग सोडा. रंगाचा वेग नळीतल्या पाण्याच्या वेगाला जुळवा. रंग जास्त वेगाने आला तर त्याचीच धार फुटते आणि ती पाण्याची खळबळ वाटते. फार हळू आला तर सुईच्या टोकाला गाठी बनतात.

३. रेघ सरळ दिसली की बाहेर पडणारी धार पातेल्यात वळवा आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करा. व्हॉल्व्ह उघड-बंद करून वेळ मोजू नका, प्रवाह स्थिर व्हायला लागणारा वेळ त्यात मिसळतो. किमान ४० सेकंद पाणी गोळा करा. सुरुवातीला आणि शेवटी हाताची चूक प्रत्येकी पाव सेकंदापर्यंत असते, ४० सेकंदांत ती सव्वा टक्क्याच्या आत राहते.

४. पाणी मोजपात्रात न ओतता काट्यावर तोला. १ ग्रॅम वाचणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. ३० अंशांवर ९९६ ग्रॅम म्हणजे एक लिटर.

५. तापमान लिहा. व्हॉल्व्ह थोडा उघडा. पुन्हा.

अंक काढायला सोपं सूत्र: रेनॉल्ड्स अंक = १२७३ × डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी (मिली प्रति सेकंद) ÷ (व्यास मिमीमध्ये × वरच्या यादीतली व्हिस्कॉसिटी). ३० अंशांच्या पाण्यात या नळीसाठी अंक २००० होतो तो सेकंदाला २० मिलीला, म्हणजे मिनिटाला १.२ लिटरला. १५ अंशांवर त्यासाठीच मिनिटाला १.७ लिटर सोडावं लागतं.

रेघ एकदम तुटत नाही. आधी टोकाकडे सावकाश लहरते. मग मधूनच नळीच्या एखाद्या हातभर लांबीत रंग पसरतो, तो पट्टा पुढे वाहून जातो आणि मागे पुन्हा सरळ रेघ येते. हे झटके म्हणजे संक्रमणाचा प्रवाह. त्या अवस्थेत "लॅमिनार (शांत, थरांचा) की टर्ब्युलंट (खळबळीचा)" असा एकच शब्द वहीत लिहायचा हट्ट धरू नका, दहापैकी साधारण किती वेळ रेघ सरळ होती ते लिहा. त्यातून जास्त कळतं.

प्रवाह वाढवत नेताना रेघ तुटण्याचा अंक दर वेळी वेगळा येतो. तो कर्ण्याच्या गुळगुळीतपणावर, टाकीच्या शांतपणावर, शेजारून कुणी चालत गेलं का यावरही अवलंबून असतो. आधी पूर्ण खळबळ करून मग व्हॉल्व्ह बंद करत आणला तर मात्र रेघ परत जुळण्याचा अंक बराच स्थिर, २००० ते २३०० च्या दरम्यान येतो. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन्ही दिशांनी करून पाहावं. फक्त वाढवत नेलं आणि ३५०० आला म्हणून प्रयोग चुकला असं समजणारे पुष्कळ असतात. तो चुकलेला नसतो, टाकी चांगली शांत होती एवढंच.

व्यास मोजणं

दुसऱ्या प्रयोगाकडे जाण्याआधी इथे थांबणं भाग आहे, कारण तिथे व्यासाची चूक पाचपटीने अंगावर येते. घर्षणासाठी नळी बारीक लागते, ४ मिमी आतला व्यास, ६ मिमी बाहेरचा, लांबी दीड मीटर. ४ मिमी हा दुकानदाराने सांगितलेला आकडा. प्रत्यक्षात नळी ३.९ निघू शकते, आणि व्हर्नियर कॅलिपर फक्त तोंडाशी मोजतो, तेही कापताना दबलेल्या तोंडाशी.

त्यापेक्षा नळी पाण्याने भरून तोला. कोरड्या नळीचं वजन घ्या, एक टोक बोटाने बंद करून बुडबुडा राहू न देता भरा, बाहेरून नीट पुसा, पुन्हा तोला. १ मीटर लांब आणि नेमक्या ४ मिमी व्यासाच्या नळीत ३० अंशांवर १२.५ ग्रॅम पाणी मावतं. ०.१ ग्रॅम वाचणारा काटा असला तर क्षेत्रफळ ०.८ टक्क्यांपर्यंत आणि व्यास त्याच्या निम्म्या, म्हणजे ०.४ टक्क्यांपर्यंत कळतो. सोनाराचा काटा मिळाला तर आणखी उत्तम. शिवाय हा व्यास संपूर्ण लांबीचा सरासरी असतो, आणि प्रवाहाला तोच जाणवतो.

दुसरा प्रयोग: नळीतलं घर्षण

नळीच्या सुरुवातीला पाण्याचा वेग सगळीकडे सारखा असतो. भिंतीची ओढ मध्यापर्यंत पोचायला काही अंतर लागतं. लॅमिनार प्रवाहात ते अंतर साधारण ०.०६ × रेनॉल्ड्स अंक × व्यास. १५०० अंकाला ४ मिमीच्या नळीत ३६ सेंमी होतं. म्हणून दाब मोजायचं पहिलं छिद्र तोंडापासून ४० सेंमीवर आणि दुसरं त्यापुढे बरोबर १ मीटरवर घ्या. (१६ मिमीच्या नळीत २००० अंकाला हेच अंतर १.९ मीटर भरतं. त्या नळीत रंग पाहता येतो, घर्षण मोजता येत नाही.)

छिद्रं पाडण्याची पद्धत: १ मिलीच्या सिरिंजच्या नळकांड्याचा दीड सेंमी तुकडा कापा, त्याचं एक टोक गोल कानशीने खोलगट घासा, नळीवर उभा ठेवून ॲराल्डाइटने चिकटवा. २४ तास वाळू द्या. मगच त्या तुकड्यातून १ मिमीचा ड्रिल घालून नळीची वरची भिंत भेदा. आधी छिद्र पाडून मग चिकटवलं तर ॲराल्डाइट छिद्रात उतरतं. ड्रिल हळू आणि पाण्याचा थेंब टाकून चालवा, ॲक्रिलिक तापलं की वितळून आत ओठ तयार होतो. आतला ओठ काढायला सुती दोरा नळीतून आरपार ओढा. तो छिद्रापाशी अडकला तर ओठ शिल्लक आहे. अडकत नाही तोवर ओढत राहा. अर्धा मिमीचा ओठ अख्ख्या मीटरच्या दाबफरकात चूक घालू शकतो.

दोन्ही तुकड्यांवर गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप चढवा, एकाच गुंडाळीतून कापलेला. बारीक पाइपात पाणी केशाकर्षणाने ५ मिमीपर्यंत वर चढतं, पण दोन्ही पाइप सारखे आणि सारखे स्वच्छ असले की फरकातून ते वजा होतं. दोन्ही पाइप शेजारी-शेजारी उभ्या फळीवर, मध्ये स्टीलची पट्टी. खळबळीच्या प्रवाहात फरक अर्ध्या मीटरपर्यंत जातो, तेव्हा फळी मीटरभर उंच ठेवा.

शून्याची तपासणी टाळू नका. नळीचं शेवटचं टोक बंद करा. प्रवाह थांबल्यावर दोन्ही पाइपांतलं पाणी एका पातळीला आलंच पाहिजे. आलं नाही तर एखाद्या पाइपात बुडबुडा आहे. उभ्या भागात पाइप भरून बसलेला १ सेंमी उंचीचा बुडबुडा पातळी जवळपास १ सेंमीने खोटी दाखवतो. पाइपाला बोटाने टिचक्या मारून तो वर घालवा आणि पुन्हा तपासा. ही तपासणी दर चार-पाच रीडिंगनंतर करायची.

आता पंप चालू, ओव्हरफ्लो वाहता, टाकीची पातळी नळीपेक्षा सुमारे १ मीटर वर. डिस्चार्ज शेवटच्या व्हॉल्व्हने बदलत जा. वेग (मीटर प्रति सेकंद) = १.२७३ × डिस्चार्ज (मिली प्रति सेकंद) ÷ व्यासाचा वर्ग (मिमी). घर्षणांक (नळीतल्या घर्षणाचं माप) = १९.६२ × पातळीतला फरक × व्यास ÷ (लांबी × वेगाचा वर्ग), इथे सगळी मापं मीटरमध्ये.

नमुन्यादाखल: ३० अंश, डिस्चार्ज सेकंदाला ३.७७ मिली, वेग ०.३० मीटर, रेनॉल्ड्स अंक १५००. लॅमिनार प्रवाहात घर्षणांक ६४ भागिले अंक, म्हणजे ०.०४२७ असायला हवा, आणि त्यासाठी दोन पाइपांत ४९ मिमी फरक दिसायला हवा. ५००० अंकाला खळबळीच्या प्रवाहासाठीचं ब्लासियसचं सूत्र (०.३१६ भागिले अंकाचं चौथं मूळ) घर्षणांक ०.०३७६ देतं आणि फरक ४८ सेंमीच्या घरात जातो. २००० ते ३००० च्या मध्ये पाण्याच्या पातळ्या नाचतात. ती रीडिंग आलेखात वेगळ्या खुणेने टाका, त्यांवरून रेघ ओढू नका.

आलेख लॉग-लॉग कागदावर काढा: आडवा डिस्चार्ज, उभा पातळीतला फरक. लॅमिनार भागाचा उतार १ आणि खळबळीच्या भागाचा १.७५ यायला हवा. या उताराला व्यास कळतच नाही, म्हणून दोष शोधायला तो फार उपयोगी पडतो. उतार बरोबर पण सगळी रेघ वर किंवा खाली सरकलेली असेल तर व्यास किंवा तापमान चुकलं. कमी डिस्चार्जलाच बिंदू रेघ सोडून जात असतील तर शून्य चुकलं, बुडबुडा शोधा. लॅमिनार भागाचा उतार १ पेक्षा ठळक जास्त आला तर पहिलं छिद्र तोंडाच्या फार जवळ आहे किंवा नळी वाकली आहे.

चुकीचा हिशेबही करून ठेवा. घर्षणांकात व्यासाचा पाचवा घात आणि डिस्चार्जचा वर्ग येतो. व्यासात अर्धा टक्का चूक म्हणजे घर्षणांकात अडीच टक्के. डिस्चार्जमध्ये १ टक्का म्हणजे २ टक्के. ४९ मिमीत १ मिमी म्हणजे आणखी २ टक्के. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की एकूण सुमारे ४ टक्के. म्हणजे ०.०४२७ च्या जागी ०.०४१ ते ०.०४४ काहीही आलं तरी प्रयोग चोख झाला. तीन दशांशांपर्यंत जुळवायला आकडे घासूनपुसून घेणं हा प्रयोग नव्हे, आणि मार्गदर्शकांनीही त्याला गुण देऊ नयेत.

तिसरा प्रयोग: छिद्रातून रिकामी होणारी टाकी

स्टीलचा सरळ भिंतींचा पिंप घ्या. प्लास्टिकची बादली नको, ती वर रुंद आणि खाली अरुंद असते. तोटी काढून तिच्या जागी १ मिमी जाडीची पितळी चकती वॉशर लावून आतल्या बाजूने बसवा, मध्ये ६ मिमीचं छिद्र. छिद्राची पाण्याकडची कड धारदार आणि बाहेरची तिरपी हवी. चकती उलटी बसली, किंवा जाड पत्र्यात छिद्र पाडलं, तर धार आतल्या भिंतीला पुन्हा चिकटते आणि डिस्चार्ज गुणांक (प्रत्यक्ष आणि आदर्श प्रवाहाचं गुणोत्तर) ०.६१ ऐवजी ०.८ कडे जातो. छिद्र व्यासाच्या दोन-अडीचपट लांब असलं की हे हमखास होतं.

पाणी भरून दहा मिनिटं थांबा. छिद्राच्या मध्यापासून ३० सेंमी आणि १० सेंमी उंचीवर खुणा करा आणि पातळी पहिल्या खुणेवरून दुसरीवर यायला लागलेला वेळ मोजा. पिंपाचा व्यास २८ सेंमी असेल तर आदर्श वेळ २२८ सेकंद येतो: व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग × २ × (०.३० चं वर्गमूळ − ०.१० चं वर्गमूळ) ÷ ४.४२९. प्रत्यक्षात सुमारे ३७३ सेकंद लागतात. दोन्हींचा भागाकार म्हणजे डिस्चार्ज गुणांक, इथे ०.६१. फरकाचा मोठा वाटा धारेच्या आकुंचनाचा आहे. पाणी चहूबाजूंनी छिद्राकडे येतं आणि एकदम वळू शकत नाही, त्यामुळे छिद्राच्या थोडं पुढे धार छिद्राहून बारीक होते. दिव्यासमोर बाजूने पाहिलं की ते आकुंचन डोळ्यांनी दिसतं. १० सेंमीच्या खाली मोजू नका, पृष्ठभागावर भोवरा धरला की हवा छिद्रापर्यंत येते.

या प्रयोगावर तापमानाचा परिणाम अगदी थोडा. इथे व्हिस्कॉसिटीचं फारसं चालत नाही, म्हणून मे आणि डिसेंबरचे आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे असतात.

व्ही-नॉच आणि हवा

९० अंशांच्या व्ही-नॉचचा, म्हणजे पाणी मोजायच्या पत्र्यातल्या व्ही आकाराच्या खाचेचा, मोह बऱ्याच जणांना होतो. त्यावरून जाणारा डिस्चार्ज (घनमीटर प्रति सेकंद) साधारण १.३८ × खाचेच्या तळापासून पाण्याच्या उंचीचा (मीटर) अडीचावा घात. ५ सेंमी उंचीला मिनिटाला ४६ लिटर लागतात, आणि त्याहून कमी उंचीत पाणी पत्र्याला चिकटून खाली ओघळतं, सूत्र लागू पडत नाही. कूलरचा एक पंप तेवढं पाणी देत नाही. कॉलेजच्या चॅनेलवरच करा, आणि उंची नॉचपाशी नव्हे तर उंचीच्या तीन-चारपट मागे मोजा, कारण नॉचजवळ पाणी खाली वाकलेलं असतं. आडव्या सांडव्यावर हाच घात दीड असतो: पाण्याची जाडी दुप्पट झाली की डिस्चार्ज २.८ पट होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा सांडव्यावरच्या प्रत्येक सेंटिमीटरला किती अर्थ होता हे या घातावरून समजतं.

हवेचा वेग पिटो नळीने (वाऱ्याकडे तोंड करून दाब मोजणाऱ्या नळीने) मोजायचा असेल तर घनता तापमानासोबत दाबावरही ठरते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, आणि मोबाइलवर हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. त्यातून साधारण ३५ हेक्टोपास्कल वजा करा. मे महिन्यात ४५ अंशांवर कोरड्या हवेची घनता १.०६ किलो प्रति घनमीटरच्या जवळ येते, जानेवारीत १५ अंशांवर १.१८. पुस्तकातला १.२२५ तसाच वापरला तर मे महिन्यात वेग सुमारे ७ टक्के कमी निघेल. सेकंदाला ८ मीटर वेगाच्या हवेचा दाब पाण्याच्या स्तंभात जेमतेम साडेतीन मिमी भरतो, म्हणून मॅनोमीटर उभा न ठेवता दहाला एक या उताराने तिरपा ठेवा, म्हणजे तेच माप पट्टीवर साडेतीन सेंमी होऊन दिसेल. कूलरच्या पंख्यासमोर थेट पिटो धरू नका, पात्यांमुळे हवा गोल फिरत येते. मध्ये पंख्याच्या व्यासाच्या निदान पाचपट लांबीचा खोका आणि त्यात प्लास्टिकच्या स्ट्रॉ एकमेकींना चिकटवून केलेली जाळी लागते. खस किंवा वुडवूलची ताटी त्या कामाला वापरू नका, तिचे तंतू सुटून पिटोच्या तोंडात अडकतात.